किरकोळ काम पाठव

शनिवार पेठ, पुणे

तीर्थरूप ताईस साष्टांग नमस्कार. एक गुडघा दुखतो, म्हणून सध्या सप्तांगच समज.

माझी काळजी करू नकोस. खोली हवेशीर आहे, डबा बरा असतो आणि कादंबरीचं चिंतन जोरात चालू आहे. चिंतन म्हणजे नक्की काय, ते विचारू नकोस.

निघताना मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "काही अक्षर लिहूनच परत येईन." अक्षर म्हणजे न झिजणारं, कायम टिकणारं. काल घरमालकीण मुक्ताबाईंनी चहा ठेवता ठेवता माझ्या कोऱ्या कागदांकडे पाहिलं. म्हणाल्या, "अहो, टिकणारं नंतर बघा. आधी वाचता येईल असं एखादं काढा." एवढं संस्कृत शिकलो, आणि शेवटी कोरे कागद तेवढे उलटे करून ठेवले.

खरं सांगू? रोज मोबाइलवर एसटीचं वेळापत्रक बघतो आणि बंद करतो. रिकाम्या हातांनी कसा येऊ?

तुझ्या शाळेच्या संमेलनाला छोटं नाटक हवं, असं तू लिहिलं होतंस. कुणाला सांगितलंस का? नसेल तर मी लिहितो. मुली किती, वेळ किती आणि त्यांतली कोणती अजिबात तोंड उघडत नाही, एवढं कळव. आठवड्यात पुरं करतो.

आईचा खोकला कसा आहे? मी विचारलं म्हणून सांगू नकोस, मुद्दाम जास्त खोकेल.

तिला फक्त एवढं सांग, की नाटक बसवायला लेखकाला स्वतः यावं लागतं. असा नियम कुठे नाही, पण ती विचारणार नाही.

तुझा धाकटा,
मुकुंद