किशोर विभागातली निळी पट्टी

प्रिय धाकटे,

बाळाचा फोटो मिळाला. नाक तुझं, कपाळ त्याच्या बापाचं, आणि ते रुसलेले ओठ कुणाचे हे तुम्ही नवराबायकोनं आपसात भांडून ठरवा. आमच्या ह्यांनी, तुझ्या काकांनी, फोटो एकदा चष्मा लावून आणि एकदा चष्मा काढून पाहिला आणि निकाल दिला, की हे मूल मोठं होऊन वाचनालयात मोठमोठ्यानं बोलणार आणि थोरलीची, म्हणजे माझी, बोलणी खाणार. मी म्हटलं, तोवर थोरली कुठली राहतेय तिथे. हे म्हणाले तर गमतीनं, पण मला ते लागलं. का लागलं ते पुढे कळेलच तुला. खरं तर हे सगळं फोनवर सांगायचं होतं. दोनदा फोन केलाही, आणि दोन्ही वेळा बाळाचं पोट आणि तुझ्या आईची कंबर एवढ्यावरच बोलून ठेवून दिला. कागदावर मला लपवाछपवी जमत नाही. मिशनच्या शाळेत मदरनी पट्टी हातात घेऊन अक्षर घोटवलं, त्या भीतीनं की काय, पेन हातात धरलं की पाठ ताठ होते आणि खरं बोललं जातं. तर एका हातानं बाळाला थोपट आणि दुसऱ्या हातानं हे वाच.

बाळंतपणाच्या रजेवर जाताना तू किशोर विभागाची किल्ली माझ्या हातात दिलीस आणि एवढंच म्हणालीस, की शनिवारचा मुलांचा तास तेवढा बंद पडू देऊ नका, मावशी. मी हो म्हटलं, पण मुलांचं काम मी कधी केलंच नव्हतं. माझं सगळं आयुष्य सूचीच्या खोलीत गेलं. पुस्तक आलं, उघडलं, कार्ड केलं, पाठीवर क्रमांक चिकटवला, कपाटात लावलं. पुस्तकं उलट उत्तर देत नाहीत. आणि तुझा तो तास म्हणजे नुसता बाजार. स्टेशनामागच्या नव्या इमारतींत कुठकुठल्या देशांतून आलेली माणसं राहतात, त्यांची पोरं जमिनीवर, खिडकीत, अगदी परतीच्या पुस्तकांच्या गाडीवरही बसलेली. तुझा नियम एकच. घरून काहीतरी आणायचं, गोष्ट, गाणं, नक्कल, काहीही. पहिल्या शनिवारी एका मुलानं त्याची आजी तोंड न उघडता शिव्या कशा देते ते करून दाखवलं. एकीनं तिची आई शिवणकाम करताना टाके मोजत जे गुणगुणते ते म्हटलं. सगळी पोरं खिदळत होती, शेजारच्या वर्तमानपत्रांच्या खोलीतले म्हातारे भिंतीवर काठी आपटत होते, आणि मी दारात उभी राहून विचार करत होते, की याची नोंद करायची तरी कशी?

तुला माझा स्वभाव माहीत आहे. चहाचे कपसुद्धा मी कान एका दिशेला करून ठेवते. परभाषेतल्या पुस्तकांना आपण ज्या रंगीत पट्ट्या लावतो, निळी, हिरवी, केशरी, तशाच पट्ट्यांचे मी मुलांसाठी बिल्ले केले. ज्याचं घर मूळचं जिकडचं, त्याला तो रंग. एक महिना एका रंगाचा. त्या महिन्यात त्या मुलांनी आपल्या देशाचा पोशाख घालायचा, आपल्या देशाची एक लोककथा सांगायची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. मनापासून सांगते, तुझ्या तासावर कुरघोडी करायची म्हणून नाही केलं. मला वाटलं, मुलांना आपलं मूळ कळेल, त्याचा अभिमान वाटेल. आणि झालंही तसंच, निदान दिसायला. पालक येऊ लागले, खुर्च्या कमी पडायला लागल्या, बातमी छापून आली, काठी आपटणारे म्हातारे पहिल्या रांगेत बसायला लागले. मोठे साहेब, जे आपल्या विभागात वर्षातून एकदा गळकं छत बघायला येतात, ते दर शनिवारी दिसू लागले.

मला यात काही वावगं कसं वाटलं नाही, याचा विचार करते तेव्हा शाळा आठवते. आमच्या शाळेत परदेशातून पाहुणे यायचे, तेव्हा मदर आम्हाला कापडी फुलं लावलेले झगमगीत पोशाख घालायला द्यायच्या. तसले कपडे आमच्यापैकी कुणाच्याच घरी कुणी घालत नव्हतं. पाहुणे बघून म्हणायचे, किती सुंदर तुमची परंपरा. मला त्या दिवसाची वर्षभर ओढ असायची. मी पहिल्या रांगेत असायचे, फोटोत यायचे. इतक्या वर्षांनी अजूनही त्या कापडाची खरखर गळ्याशी आठवली की मला सुखच वाटतं. ज्या गोष्टीत आपण सुखावलो ती दुसऱ्याला टोचत असेल, हे माझ्या डोक्यातच येत नाही, धाकटे. बहुतेक कुणाच्याच येत नसावं, पण मी सध्या माझ्याबद्दल बोलते आहे.

आता आपल्या खारूताईबद्दल. तुझी लाडकी, पेन्सिली कुरतडणारी, वडील लिफ्ट दुरुस्त करतात ती. तू गेलीस तेव्हा ती बंद पडलेल्या लिफ्टची एक गोष्ट लिहीत होती, तुला आठवत असेल. मधल्या मजल्यावर लिफ्ट अडकते, आत पाच माणसं, पाच भाषा, आणि बाहेरून तिचे वडील ओरडून सांगतात तसं आतल्यांनी करायचं. तिनं मला ती वाचून दाखवली. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी तिला विचारलं, ही गोष्ट नक्की कोणत्या भाषेतली? ती म्हणाली, सगळ्याच, लिफ्टमध्ये तसंच बोलतात ना. मी म्हटलं, बाळ, एका पुस्तकाला एकच जागा असते. तुझे आजोबा डोंगरापलीकडच्या देशातून आले, तू निळी. निळ्या महिन्यात तू तिकडची लोककथा सांग, लिफ्टचं नंतर बघू. तिनं मान हलवली. वाद घालायला तू त्यांना शिकवलंस, पण माझ्याशी नाही. माझ्या वयाचा मान राखायलाही तूच शिकवलंस.

तिच्याकडे पोशाख नव्हता. नाटकांचे कपडे भाड्यानं देणारा तो दुकानदार, त्याच्याकडे मी स्वतः गेले. डोंगरापलीकडचा पोशाख म्हटल्यावर त्यानं लाल किनारीचा लांब झगा आणि टोपी काढून दिली, मी घरी आणून इस्त्री केली, काकांना घालून दाखवा म्हणून चिडवलं. शनिवारी खारूताई त्यात इतकी देखणी दिसत होती म्हणून सांगू. राजकन्येची आणि अस्वलाची गोष्ट तिनं एकदाही न अडखळता सांगितली. दुसऱ्या रांगेत तिचे आजोबा बसले होते, पहिल्यांदाच आले होते बिचारे. गोष्ट सुरू झाली तशी त्यांनी मान खाली घातली, ती वर केलीच नाही, आणि टाळ्या सुरू झाल्यावर उठून बाहेर गेले. मी सगळ्यांना सांगत सुटले, आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं, मायदेश आठवला त्यांना. बातमीत हेच वाक्य छापलं गेलं. झग्यातला तिचा फोटो मोठा करून साहेबांनी दर्शनी भिंतीवर लावला.

नंतरच्या आठवड्यात ती एकटीच आली, भर दुपारी, विभागात कुणी नसताना. तू शिकवलंस तसं आधी विचारलं, मावशी, तुम्ही कामात आहात का. मग म्हणाली, तो फोटो काढाल का. मी हसत विचारलं, का गं, गाल मोठे दिसतात? ती माझ्याकडे न बघता बोलली, "मावशी, ते कपडे आमचे नव्हते. ज्यांनी आजोबांचं घर जाळलं ना, ते लोक घालतात तसले कपडे." मग हळूहळू सगळं सांगितलं. त्या देशात दोन तऱ्हेची माणसं राहतात, आणि एकांनी दुसऱ्यांना हुसकून लावलं. आजोबांनी हे घरात कधीच काढलं नव्हतं, तिच्या वडिलांजवळही नाही. त्या शनिवारी घरी गेल्यावर पहिल्यांदा बोलले. नातीच्या अंगावर तो झगा बघितल्यावर बोलले. आणि ती राजकन्येची गोष्टही त्यांच्याकडची नव्हतीच. घरात कुणालाच असली गोष्ट येत नव्हती, पण मावशींनी सांगितलंय म्हणून पोरीनं मोबाइलवर शोधून पाठ केली होती.

माझ्या दृष्टीनं तो एक देश होता आणि त्याला एक निळी पट्टी. आत माणसं किती तऱ्हेची, हे मी बघितलंच नाही. इथवर मी माझी समजूत घालू शकते, की चुकलं, अजाणता चुकलं. पण तिचं बोलून झाल्यावर मी काय म्हणाले ते ऐक. मी म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं त्यात? फोटो किती छान आलाय." आणि वर सांगितलं, की गुरुवारी समितीची बैठक आहे, तेवढी होऊ दे, मग बघू. तिनं सभासद कार्ड टेबलावर ठेवलं, खुर्ची नीट आत सरकवली आणि गेली. त्यानंतर ती आलेली नाही. रस्त्यात दिसते. मला बघून पलीकडच्या फुटपाथवर जाते, आणि मी हाक मारत नाही, कारण काय म्हणून मारू.

तुला वाटेल, हे पत्र तिच्यासाठी लिहिलं. तिच्यासाठी मला पत्र लिहून भागणार नाही, तिच्या घरी जायला हवं. रविवारी जाणार आहे. आजोबांनी दार लावून घेतलं तर जिना उतरून परत येईन, पण जाणार आहे. फोटो आज उतरवला. शिपायानं कारण विचारलं, मी म्हटलं, माझी चूक होती. त्याला वाटलं, खिळा चुकला.

पत्र लिहायचं कारण दुसरंच आहे, आणि बघ, इतकी पानं झाली तरी ते येत नव्हतं. गुरुवारच्या बैठकीत मी तोच फोटो दाखवला. साहेब म्हणाले, आजोबांचा प्रसंग सांगा. आणि मी सांगितला. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं, मायदेश आठवला. सगळं माहीत असताना, धाकटे, त्याच शब्दांत, मध्ये जरा थांबून, आवाज खाली आणून. टाळ्या झाल्या. एकानं डोळे टिपले. तिथल्या तिथे ठरलं, की मी यंदा निवृत्त व्हायचं नाही, आणखी दोन वर्षं किशोर विभाग माझ्याकडे, पट्ट्यांचा कार्यक्रम कायमचा, आणि तू परत आलीस की तुला देवघेवीच्या खिडकीवर बसवायचं; साहेब म्हणाले, लहान मूल आहे, तिलाही सोपं पडेल. मला विचारलं आणि मी हो म्हणाले. तुझी खुर्ची मी घेतली, तुझं नाव मनात आलं असताना घेतली. घरी येऊन काकांना सांगितलं, तर त्यांनी फक्त विचारलं, धाकटीला कळवलंस का. सोमवारी सही करायची आहे. नाही म्हणायचं ठरवून मी दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा त्यांनी या या म्हणून चहा मागवला, पाहुण्यांसमोर माझं कौतुक केलं, आणि मी चहा पिऊन परत आले. या वयात कुणी कौतुक करायला लागलं की ते सोडवत नाही गं, लाज वाटते सांगायला. माझा माझ्यावर भरवसा नाही, म्हणून तुला लिहिते आहे. तुला कळणार आहे हे ठाऊक असताना मला सही करता येणार नाही, एवढी मी मला ओळखते. हे पत्र आत्ताच पेटीत टाकून येते. मग झोपेन. आणि सोमवारी साहेबांनी चहा मागवायच्या आत बोलेन.

तुझीच, अजून तुझी म्हणवून घेता येत असेल तर,
थोरली