बदलीवर

प्रिय मैना,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळं ठीक आहे. फोनवर तू गुडघ्यांवर घसरतेस आणि मी सुनेवर, म्हणून लिहायला बसले.

गेल्या आठवड्यात सलोनी नावाची मुलगी माझ्याकडे आली होती. मुंबईत शिकते. गिरणी कामगारांच्या युनियनचा इतिहास लिहितेय आणि त्यासाठी गुहागरपासून गावोगाव फिरतेय. तिच्याजवळ आपल्या गावची यादी आहे, ब्याऐंशीच्या संपात शेवटपर्यंत गिरणीची पायरी न चढलेल्यांची. पहिलंच नाव तुझ्या बाबांचं, हरिश्चंद्र. खाली माझ्या बाबांचं, भिवा. दोघांचे फोटो पुस्तकात घालायचेत. बाबांचा फोटो न्यायला ती गुरुवारी येणार आहे.

तिनं मला विचारायचं, तर मीच तिला विचारत सुटले. आपले वडील एका खोलीत राहायचे, एकाच गिरणीत जायचे. पण तिथे करायचे काय, हे आपल्याला कुठे ठाऊक होतं? ती म्हणाली, युनियनवाले आधी गाववाल्यांच्या खोल्यांवर जाऊन बसायचे. एका खोलीत वीस-वीस जण, पाळीपाळीनं झोपणारे. खोलीला पटलं की अख्खं गाव सभासद. मला गंमतच वाटली, म्हणजे गावकीची बैठकच उचलून परळला नेलेली! मग धीर करून विचारलं, बदली म्हणजे नक्की काय गं?

हसतेस ना? शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा हुद्दा मी ‘ट्रान्सफर ऑफिसर’ लिहिला होता. आई म्हणायची, ते बदलीवर आहेत. आणि वर्गातल्या तहसीलदारांच्या मुलीचे वडीलही सारखे बदलीवर जायचे. सिस्टर फिलोमिना वर्षभर माझ्याशी अदबीनं बोलल्या. तू मात्र “आल्या साहेबांच्या बाईसाहेब” म्हणून चिडवायचीस.

सलोनीनं नीट समजावलं. बदलीवाल्यानं रोज गिरणीच्या दाराशी उभं राहायचं. कोणी कायम कामगार आला नाही, तर त्याच्या कापड विणायच्या मागावर त्या दिवसापुरतं काम. नाहीतर आल्या पावली परत. माझे बाबा अकरा वर्षं असे उभे राहिले. आणि संपाच्या मागण्यांत एक मागणी होती, बदलीवाल्यांना कायम करा. म्हणजे तुझे बाबा स्वतः कायम असून माझ्या बाबांसाठीही बाहेर बसले होते. हे ऐकलं आणि मी चहाच्या निमित्तानं आत गेले.

संपातल्या त्या दिवाळीत गावचे सगळे चाकरमानी घरी भात कापत होते. माझे बाबा नव्हते. आई मला म्हणाली, “तुझा बापूस बदलीवर हाय. कुनाला बोलू नको.” मला वाटलं, आणखी मोठ्या हुद्द्यावर नेमणूक झाली. एवढी बातमी माझ्या पोटात कशी राहावी? शाळेच्या बोर्डिंगात परतल्यावर पहिल्याच दिवशी तुला सांगितली. तू माझी वेणी घालत होतीस. तुझे हात थांबले. “असं होय,” एवढंच म्हणालीस आणि वेणी पुरी केलीस. बदलीचा अर्थ तुला ठाऊक होता, मैना. आपल्या दोघींत मलाच नव्हता.

बाबांनी शेवटच्या आजारात मला सांगितलं, “संप चालू असताना हरिश्चंद्राच्याच मागांवर गेलो मी. दुसरे दिलेच नाहीत.” संपानंतर ते कायम झाले. तुझ्या बाबांना परत घेतलं नाही. माझं कॉलेज त्या कायम नोकरीवर झालं. हे मी आजवर कोणाला बोललेले नाही, तुलाही नाही. गुरुवारी सलोनीला सांगणार आहे की बाबांचं नाव काढ, आणि का ते लिही. पण ते पुस्तकात वाचण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं.

आणि एक विचारायचं आहे, खरं तर त्यासाठीच हे पत्र. त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत तू घरी गेलीस, तेव्हा तुझ्या बाबांना सांगितलंस का? पुढच्या जूनमध्ये आमच्या शेतात नांगर धरायला कोणी नव्हतं. तुझे बाबा न बोलावता बैल घेऊन आले. दोन दिवस नांगरलं. आई भाकरी घेऊन बांधावर गेली, पण त्यांच्यासमोर मान काही वर करेना. मला तेव्हा कळलं नाही. त्यांना माहीत होतं का गं? माहीत असूनही आले होते का?

तुझीच,
सत्यवती