ऋतुराजच्या पुस्तकातला मुका बाप

तीर्थरूप अंबुआक्कास,

रामहरीचा दंडवत. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि धरणावरची मोटर (तिघांपैकी निदान एक तरी सुरळीत असेल) यांची खुशाली कळव. इकडं सगळे बरे, फक्त मी जिवंत आहे की नाही याबद्दल सोलापुरात दोन मतं आहेत.

झालं असं, आपल्या ऋतुराजनं बापावर पुस्तक लिहिलं. बाप म्हणजे मीच. प्रकाशनाला मी मागं बसलो (म्हातारा समोर असला तर याला रडून वाचता यायचं नाही, ही त्याच्या मित्रांची कुजबुज माझ्या तिखट कानांनी टिपली होती). तो वाचत होता, बायका डोळे पुसत होत्या. शेजारची मला म्हणाली, "कधी गेले हो यांचे वडील?" मी म्हटलं, "चहा झाला की निघतोय."

रडायचा भाग असा, की तो पुण्याला हॉस्टेलात असताना मी रोज कारखान्यातून फोन करायचो आणि एक अक्षर बोलायचो नाही. नुसती यंत्रमागांची खटखट. आक्का, मी चक्रावलोच. रोज विचारायचो, जेवलास का, थंडी वाजते का, चादर पाठवू का, तुझी आई जेवताना तुझ्या पाटाकडं बघते. त्या खटखटीतही त्याचं ‘हॅलो, अप्पा’ मला लख्ख ऐकू यायचं. वाटायचं, ऐकतंय पोरगं.

शेवटी आपल्या जुन्या कारागिराला, सिद्धलिंगप्पाला विचारलं. म्हणाला, "मालक, मागापाशी उभं राहिलं की तुमचं नुसतं ओठ हलत्यात की. आमचं बी तसंच हाय." खरंच की! त्या आवाजात घसा कोण फोडणार? आम्ही आवाज न काढता बोलतो, समोरचा ओठ बघून समजतो. मी कामगार होतो तेव्हापासूनची सवय. पण त्या वेळच्या फोनला डोळे कुठले? (म्हणून तर आज तुला पत्र. फोनवरचा माझा विश्वासच उडालाय.)

आता पुस्तक खोटं म्हणावं, तर त्यानं ऐकलं तेच लिहिलंय. खरं म्हणावं, तर मी इतकं बोललो ते गेलं कुठं? तुझी भावजय मथुरा म्हणते, सांगून टाका. सांगितलं तर त्याचं सगळ्यात गाजलेलं पान बाद होतं. न सांगावं, तर मी त्याच्या लेखी जन्मभर मुका.

तुझा गोंधळलेला भाऊ,
रामहरी

ता. क. : रविवारी तो तुझ्याकडं येतोय. यातलं त्याला काही सांगू नकोस. सांगितलंस तर जेवण झाल्यावर सांग.

आणखी ता. क. : त्यानं लिहिलंय, मी फोन ठेवेपर्यंत तो रोज कानाला लावून बसायचा. नुसती खटखट होती, तर ठेवला का नाही, एवढं विचार. मी विचारलंय म्हणू नको.