साहेबांचा डबा रिकामा येतो

१ जानेवारी २०१३, मंगळवार

कारखान्याची नवी डायरी मिळाली. पहिल्या पानावर चेअरमन सुंदररावसाहेबांचा फोटो, दुसऱ्यावर कारखान्याचा. यंदा ऊस नाही म्हणून कारखाना बंद आहे, तरी डायरी वेळेवर छापली. याला नियोजन म्हणतात.

मीही नियोजन करणार. मी, उत्तरेश्वर, साहेबांच्या बंगल्यावरचा आचारी, सर्व्हिस तीस वर्षं, यंदा साहेबांना फक्त ऋतुमानाप्रमाणे जेवण देणार. हिवाळ्यात हिवाळ्याचं, उन्हाळ्यात उन्हाळ्याचं. पावसाळ्याचं पाऊस आला तर बघू. पाडव्याला बंगल्यावर संचालक मंडळाची पंगत असते, दीडशे पानं. त्या पंगतीत साहेब माझ्याबद्दल चार शब्द बोलतील आणि मी लगेच आचाऱ्यांच्या सहकारी सोसायटीचा अर्ज पुढे करीन. चेअरमन मी. सभासद नंतर शोधू.

दुसरा संकल्प. विमलबद्दल डायरीत लिहायचं नाही. दसऱ्याच्या चार दिवस आधी बायको गेली आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी चुलीपुढे हजर होतो. लोक म्हणाले, खंबीर माणूस. आहेच.

३ जानेवारी, गुरुवार

विमलच्या जागी भाकरीला चतुराबाई आली आहे. गुडघा धरला म्हणून यंदा ऊसतोडीला गेली नाही. भाकरी बरी करते, पण मी भाजी उतरवली की चमचा शोधते. तिला स्पष्ट सांगितलं, या स्वयंपाकघरात कुणी चाखत नाही. आधी देवाचा नैवेद्य, आणि नैवेद्यानंतर चाखायची गरजच पडत नाही. मीठ माझ्या बोटांना कळतं. तीस वर्षांत मी एकदाही चाखलं नाही आणि तीस वर्षांत एकही ताट परत आलं नाही. तिने विचारलं, मामा, पर चाखत कावून न्हाई? आता हिला काय सांगायचं.

स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्या मधल्या बोळात फळीवर मिठाची बरणी सापडली. शेजारी वाटीत गूळ आणि एक सुकून खडखडीत झालेलं लिंबू. विमलचा पसारा. भाजीचं पातेलं दहा पावलं न्यायला तिला इतका वेळ का लागतो म्हणून मी किती वर्षं ओरडलो. बरणी आत आणून ठेवली.

(दुसरा संकल्प दोनच दिवसांत मोडला. उद्यापासून पाळणार.)

११ जानेवारी, शुक्रवार. येळवस

बाईसाहेबांचं माहेर परळीकडचं, म्हणून आमच्याकडे येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, जेवण शेतात. हिरवी तूर, हरभरा, वालाच्या शेंगा, रानातलं तोडायचं आणि भज्जी करायची. यंदा रानात तोडण्यासारखी फक्त ढेकळं. राधाकिशन ड्रायव्हरने बीडहून फ्रोझन मटार आणले. ऋतुमानाचं तत्त्व मी सोडलं नाही. ऋतू फक्त बीडहून आला.

साहेबांनी भज्जीचे दोन घास खाल्ले, मग आंबिलाचे तीन पेले, मग पाण्याचे चार. पाहुणेही पाणी पाणी करत होते. जानेवारीत इतकं ऊन, तर मे महिन्यात काय होणार? बाईसाहेबांनी विचारलं, उत्तरेश्वर, मीठ जरा जास्ती झालं का? मी म्हणालो, टँकरचं पाणी मचूळ आहे. त्या काही बोलल्या नाहीत. पटलं असणार.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत

काल भोगीची भाजी आळणी झाली, असं कानावर आलं. टँकरचं पाणी एक दिवस खारं, एक दिवस गोडं, माणसाने अंदाज कसा घ्यायचा? टँकरवाल्याला झापलं. तो म्हणाला, महाराज, पानी रोज त्याच हिरीचं हाय. खोटं बोलायची यांना सवयच लागली आहे.

तिळाच्या पोळ्याही अगोड निघाल्या म्हणे. जिल्ह्यात ऊसच नाही तर गुळाला गोडी कुठून येणार?

२९ जानेवारी, मंगळवार

तब्येत उत्तम. ताकद वाढते आहे. चतुराबाईच्या ठेच्याने राधाकिशनला एका घासात घाम फुटला, मी अर्धी वाटी खाल्ली, काही झालं नाही. पन्नाशीनंतर माणसाचा जिभेवर ताबा येतो. सकाळी चहात साखर टाकायची राहिली होती, तेही राधाकिशनने सांगितलं तेव्हा कळलं. असल्या बारीकसारीक गोष्टींकडे माझं लक्ष नसतं.

परळीहून मुलीचा फोन. बाबा, जेवता का? म्हणालो, जेवतो. पुढे काय विचारायचं ते तिला सुचेना आणि काय सांगायचं ते मला. रेंज गेली असं म्हणून ठेवला.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

साहेब आता दिवसभर कारखान्याच्या चारा छावणीवर असतात. दीड हजार जनावरं दावणीला. आपल्या घरची म्हैसही तिथेच. दुपारचं जेवण साहेब तिथेच घेतात, म्हणून मी चार पुडाचा डबा भरून राधाकिशनजवळ देतो. रोज डबा रिकामा परत येतो, तोही धुतलेला. घरी असताना साहेबांनी कधी चारही पुडं संपवली नव्हती. दुष्काळात माणसाला अन्नाची खरी किंमत कळते.

चतुराबाई रोज फडक्यात दोन भाकरी आणि ठेचा बांधून राधाकिशनला देते. गाडीत नुसतं बसून राहणाऱ्या माणसाला इतकी भूक?

२८ फेब्रुवारी, गुरुवार

राधाकिशनची तक्रार. आपली म्हैस लई पानी पिऊ लागलीय, दुसऱ्यांच्या वाट्याचंबी पिती, छावणीत भांडणं हुतील. मी म्हणालो, ऊन वाढलंय. तो हसला. यात हसण्यासारखं काय होतं? सोसायटीत त्याला व्हाइस चेअरमन करणार होतो. फेरविचार करावा लागेल.

उन्हाळी मेन्यू लिहायला घेतला. पन्हं, कैरीची डाळ, आमरस. आमरसावर येऊन थांबलो. विमल कोयी राखेत घोळून अंगणात लावायची, एकही उगवायची नाही. हे कशासाठी लिहिलं कुणास ठाऊक. मेन्यू उद्या पूर्ण करणार.

२६ मार्च, मंगळवार. होळी

मेन्यू राहिला आहे. आज पुरणपोळी आणि येळवणीची आमटी. बऱ्याच दिवसांनी साहेब घरी जेवायला बसले. आमटीचा एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, विमलबाई पाहिजे होत्या. आणि ताटावरून उठले.

मला साहेबांचं वाईट वाटलं. बंद कारखाना, छावणी, पुढे संचालकांची निवडणूक. इतका भार असला की मन हळवं होतं. माझं तसं नाही. मला काहीच वाटत नाही. सकाळी उठतो तेव्हा वाटत नाही, दिवसभर वाटत नाही. मुलगी म्हणाली, बाबा, एकदा रडून घ्या. कशासाठी? डोळे कोरडे आहेत, चष्म्याचा नंबर स्थिर आहे.

५ एप्रिल, शुक्रवार

पाडव्याच्या पंगतीला बाईसाहेबांनी बीडहून बिभीषण आचारी बोलावला आहे. माझ्या हाताखाली असणार. दीडशे पानं म्हणजे मदतनीस हवाच. त्याच्यासाठी अकरा सूचना लिहून काढल्या. पहिली सूचना, चाखायचं नाही.

सोसायटीचा अर्ज स्वच्छ अक्षरात उतरवला. सभासदांच्या यादीत बिभीषणचं नाव पेन्सिलने घातलं.

१० एप्रिल, बुधवार

बिभीषण आला. सूचनांच्या कागदावर त्याने लसूण सोलला आणि मला म्हणाला, काका, तेवढं पिंप भरून घ्या.

मी तडक बाईसाहेबांकडे गेलो. म्हणालो, पंगत माझी आहे. साहेब रोज माझाच डबा खातात, शितही उरत नाही.  बाईसाहेबांनी राधाकिशनला बोलावलं. तो मान खाली घालून म्हणाला, महाराज, डबा मी म्हशीच्या पेंडीच्या आंबोणात मिसळतो. साहेब चतुराबाईची भाकर खातेत. छावणी सुरू झाल्यापसून.

मग बाईसाहेबांनी बाकीचं सांगितलं. आवाज न चढवता, समोर बसवून. नैवेद्य झाला की विमल बोळात थांबायची. चाखायची. मीठ कमी असलं तर घालायची, जास्त झालं तर लिंबू पिळायची, गूळ टाकायची. तीस वर्षं. म्हणायची, बाईसाहेब, ह्यांला कळू देऊ नका, ह्यांचं मन मोडंल.

मी म्हणालो, हे खोटं आहे. दुपारसाठी केलेली आमटी चुलीवर होती. पळी भरून घेतली आणि सगळ्यांसमोर प्यालो. तीस वर्षांत पहिल्यांदा चाखलं. म्हणालो, फर्स्टक्लास, मीठ बरोबर. चतुराबाईने बोट बुडवून चाखलं आणि थुंकायला बाहेर पळाली.

मी दुसरी पळी घेतली. मग बरणीतलं नुसतं मीठ जिभेवर ठेवलं. चिमूटभर, मग तळहातभर. दातांखाली खसखस वाजलं, बाकी काही नाही. गूळ खाल्ला. तोही तसाच. गूळ म्हणून ओली माती दिली असती तरी मी खाल्ली असती.

बाईसाहेबांनी विचारलं, कवापसून? मी आठवत गेलो. बिनसाखरेचा चहा, ठेचा, त्याच्याही मागे. तेराव्याच्या जेवणात विमलच्या आवडीची बुंदी होती. ती खाताना मला वाटलं होतं, आचाऱ्याने पाकच केला नाही. म्हणालो, दसऱ्यापासून असेल.

११ एप्रिल, गुरुवार. पाडवा

पंगतीत पाणी वाढलं. जेवण चांगलं झालं, असं सगळे म्हणत होते. कुणी पाणी फारसं मागितलं नाही.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चार शब्द काही बोलले नाहीत. बाईसाहेबांनी सांगितलं, काम सोडायचं न्हाई, सैपाक तुमीच करायचा, पर चतुराबाई चाखंल. मी हो म्हणालो. अर्ज खिशात होता, पिंपातलं पाणी सांडून भिजला. सोसायटीचा विषय बंद.

१२ एप्रिल, शुक्रवार

बंगल्यावर सुट्टी. खोलीवर एकट्यापुरतं पिठलं टाकलं. वाटी घेऊन चतुराबाईच्या दारात गेलो आणि म्हणालो, चाखून सांग. ती म्हणाली, मामा, मीठच न्हाई. परत येऊन घातलं. म्हणाली, आजून थोडं. तिसऱ्या खेपेला म्हणाली, आता झालं.

मी विचारलं, कसं लागतंय? तिला प्रश्न कळला नाही. पिठल्याबद्दल कसं लागतंय असं कोण विचारतं? मग जरा विचार करून म्हणाली, आधी लसूण कळतोय, मंग जरासं आंबट, तिखट मागनं येतंय. चांगलं झालंय, मामा.

खोलीवर येऊन तिने सांगितलं त्या क्रमाने खाल्लं. आधी लसूण, मग आंबट, मग तिखट.

तीस वर्षं विमल रोज बोळात उभी राहून चाखत होती आणि मी तिला एकदाही विचारलं नाही, कसं झालंय गं. आज विचारावंसं वाटतंय. फार वाटतंय. पिठलं गार झालं होतं, तरी संपवलं आणि वाटी घासून ठेवली.