जमिनीला लावलेली पाठ

नांदेड, १२ जुलै २०२४

ती. आईस, शिवांगीचा शि. सा. न.

“हळू चाला, राजी अजून आत निजलीय.” त्र्याण्णव सालच्या पहाटेच्या भूकंपानंतर ढिगाऱ्याकडं बघत तू शेजाऱ्यांना असं बजावत होतीस. माझी धाकटी बहीण त्या ढिगाऱ्याखाली होती. प्रयोगशाळेत मी मुलांना हळू चाला म्हणते, तेव्हा आवाज तुझाच निघतो.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. मी प्रयोगशाळेत बघते काय, असं विचारलं होतंस. काही धातू फार गार केले, की त्यांतले वीज वाहणारे इलेक्ट्रॉन शेकडोपट जड झाल्यासारखे वागतात. आमची सुई धातूला न टेकता वरून फिरते आणि त्यांचं चित्र उमटतं. एखाद्या अणूच्या जागी भलताच अणू असला, तर भोवतीच्या इलेक्ट्रॉनांत तरंग दिसतात. त्या एका जागेशी मी फार वेळ बसून राहते.

बुधवारच्या हादऱ्यात सुई आपटून मोडली. मुलं यंत्राकडं धावली आणि मी अनवाणी रस्त्यावर! आता म्हणतात, मॅडम, यंत्रासारखं तुम्हालाही हादरे शोषणाऱ्या हवेच्या गादीवर ठेवायला पाहिजे.

वैजनाथदादा सांगत होता, तुझा खोकला वाढलाय, तरी पावसात अंगणातल्या पत्र्याखालीच निजतेस. पुन्हा न्यूमोनिया झाला तर अवघड आहे, असं डॉक्टर म्हणालेत. आता तरी घरात निज.

तुझी,
शिवांगी

ता. औसा, जि. लातूर
१८ जुलै

चि. शिवांगीस आईचे आशीर्वाद.

तू पळालीस ते लई बेस केलं. पोरांना म्हणावं, हसा बाबांनो, जित्या माणसालाच हसता येतं.

बुधवारी मला आधीच कळलं. कानानं न्हाई, पाठीनं. वैजनाथची लेकरं पावसात बाहेर काढली. तो लई बोलला. म्हणे, माय, हादरा तिकडं झाला, इथं भांडंसुद्धा वाजलं न्हाई.

तुम्हाला वाटतं मी स्लॅबला भिते. तसं न्हाई. त्या पहाटे मला गाढ झोप लागली होती. आता कुणीतरी भुईला पाठ लावून जागं राहिल्याबिगर ही लेकरं आत कशी निजतील? घरातल्या फरशीवर पाठीला काही कळत न्हाई. एवढं सोडून काहीही माग. जेवत जा.

तुझी आई

नांदेड, २५ जुलै

ती. आईस शि. सा. न.

भूकंप मोजायचं यंत्र पाठवते, असं लिहिणार होते. पण तेही आधी काही सांगत नाही, आणि तुझ्याशी खोटं बोलवेना. त्या पहाटे तू जागी असतीस तर राजी वाचली असती का, हे मला माहीत नाही. इथं कुणालाच माहीत नाही.

शनिवारी एसटीनं येते. माझं अंथरूण पत्र्याखाली घालायला दादाला सांगितलंय. मी भुईला पाठ लावून जागी राहीन. लेकरांवरची तुझी माया आहे तशीच राहू दे, पण एकच रात्र तू आत, लेकरांच्या शेजारी निज. तू नाहीच म्हणशील. तरी मागते.

तुझी,
शिवांगी