अक्काच्या लेनमध्ये

२८ सप्टेंबर, रविवार

कर्नाटक एक्सप्रेस. आम्ही सहा मुली आणि भीमाशंकर सर. दिल्लीला निघालोय — पॅरा ॲथलेटिक्सची जागतिक स्पर्धा बघायला! पळायला नाही, नुसती बघायला. तरी आईनं अख्ख्या कुंभारीत पेढे वाटले.

बॅग अक्कानं भरली. एका हातानं. चेन ओढताना बॅग गुडघ्यात दाबून धरते. मी पुढं झाले तर म्हणाली, "हो बाजूला. येतंय की मला."

२९ सप्टेंबर

पोचलो. पाय सुजलेत. डोकंही ठणकतंय.

३० सप्टेंबर

चारशे मीटर बघितली. अक्का आधी पळायची तीच शर्यत. चौथ्या लेनमध्ये एक मुलगी — उजवा हात कोपराखाली नाही. अगदी अक्कासारखा, तिथंच संपलेला. स्टार्टला तिनं तो तोकडा हात एका छोट्या, उशी लावलेल्या ठोकळ्यावर टेकवला. असं करायचं असतं होय! आम्हाला कुणी सांगितलंच नाही. मला वाटायचं, हात गेला म्हणजे स्टार्टच गेला.

बंदूक वाजली. सगळ्या किंचाळत होत्या. मी नाही. मला त्या गोंगाटात घरच्या कडबा कुट्टी मशीनची घरघर ऐकू येत होती. ग्राउंडवर, बसमध्ये, कुठंही येते ती. आज मात्र फार जवळून आली. शेवटच्या शंभरात आठही लेनमध्ये अक्काच पळत होती, हनुवटी वर करून.

सर म्हणाले, "रडतीस का गं प्रिया? आनंद झाला व्हय?"

म्हटलं, हो. खोटारडी मेली!

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आप्पांनी फोटो पाठवला. घरच्या अवजारांची पूजा. कोयता, कुऱ्हाड, आणि मधोमध कडबा कुट्टी — झेंडूचा हार, हळदकुंकू. तीच मशीन! कोपऱ्यात एक बोट आलंय. म्हणजे फोटो अक्कानं काढला.

आता लिहूनच टाकते.

दोन वर्षांपूर्वी. म्हशींसाठी कडबा मी कापत होते. लाईट गेली. बटण तसंच चालू ठेवलं. आमच्याकडं सगळेच ठेवतात — मशीन घरघरली की लाईट आल्याचं कळतं. मला ग्राउंडला उशीर होत होता. सायकल काढली आणि गेले. मागं अक्का अडकलेला कडबा काढायला बसली. लाईट आली.

आप्पांना वाटलं, बटण तिनंच चालू ठेवलं. दवाखान्यातच तिच्यावर ओरडले, "बटण बंद कराया कळंना, आन निघाली पळायला! बास झालं ग्राउंड." अक्का काही बोलली नाही. मीही नाही. तिचा हात बघून आधी वाचा बसली होती, आणि नंतर — नंतर मी भित्री होते. तिचे स्पाइक्स मी घालते. तिच्या जागी जिल्ह्याला मी पळते.

२ ऑक्टोबर

सरांना विचारलं, अक्का पळू शकेल? म्हणाले, "पळंल की! डिसेंबरात राज्याची निवड हाय. पण तुझ्या आप्पांना कोण समजावणार?"

कोण म्हणजे?

४ ऑक्टोबर

परतीची गाडी. मुली गाणी म्हणतायत. सांगितलं तर आप्पा माझंही ग्राउंड बंद करतील. नक्की करतील. आणि हे मनात आलं म्हणून स्वतःची किळस आली.

५ ऑक्टोबर, कुंभारी

अक्काला सांगितलं. ती शेळ्यांना पाला टाकत होती. थांबली नाही.

"म्हाईत हाय मला. पयल्या दिवसापासनं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आप्पांनी दोघींनाबी घरात बसवलं असतं. दोन वर्सं पळलीस न्हवं? आता आप्पांना सांग. मी न्हाय सांगणार."

आप्पा आत्ताच आलेत, पाय धुतायत. जाते.