गोधडी गुडघ्यांवर ठेवावी

ठिगळकुलावतंस, चिंधीचक्रवर्ती, सूचीसूत्रधुरंधर, ग्रंथिबंधनविशारद, जीर्णासनसंजीवक, भग्नमंचकोद्धारक, नॉयवाल्ड-तळघराधिपती, दीर्घपाद श्री. कॉर्नेलिअस फ्रांत्स टेव्स यांचे हे अखेरचे, आणि योगायोगाने पहिलेच, मृत्युपत्र.

आमच्या मेनोनाइट, म्हणजे शस्त्र न धरणाऱ्या साध्या ख्रिस्ती लोकांच्या, मंडळीत गर्व हे सर्व पापांतील ज्येष्ठ पाप मानले जाते, व त्या भयाने कोणी कोणास उपाधी म्हणून देत नाही. परिणामी वरील सर्व उपाध्या अनेक वर्षे विनावापर पडून होत्या. त्या मी उचलल्या. माझ्या पश्चात त्या मंडळीस परत कराव्यात.

मी, उपरोक्त कॉर्नेलिअस, वय वर्षे छप्पन, अविवाहित, धंदा जुन्या कोच-खुर्च्या नव्या कापडाने मढविणे, राहणार नॉयवाल्ड, प्रांत मॅनिटोबा, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी स्थिर आहे, स्मरणशक्ती तीक्ष्ण आहे (अपमानांच्या बाबतीत विशेषेकरून), आणि हृदयाची एक झडप वगळता माझे समस्त अवयव आपापल्या कामावर हजर आहेत. ती झडप येत्या सोमवारी विनिपेग येथे बदलण्यात येणार आहे. शल्यविशारदांनी प्रथम सांगितले की चिंतेचे कारण नाही, आणि त्याच श्वासात विचारले की मृत्युपत्र केले आहे काय. या दोन वाक्यांचा क्रम मला रुचला नाही.

प्रस्तुत लेख मी शुक्रवारी, कोणाच्याही दडपणाविना, आरंभिला आहे. माझी भाची मार्लीस हिने त्यासाठी चालविलेल्या दूरध्वनींस दडपण म्हणावे की प्रेम, याचा निर्णय न्यायालयाने करावा. लेख शाईचा असून त्यात खाडाखोड होणार नाही. मत पालटल्यास ते पुढील कलमात पालटेल.

कलम पहिले. माझे राहते घर, त्यामागील कार्यशाळा, बँकेतील ठेव व तळघरातील लोणच्याच्या बरण्या मी मार्लीसला देत आहे. तिलाच मी या पत्राची व्यवस्थापक नेमतो. स्वयंपाकघराचे दार हिवाळ्यात फुगते. ते खांद्याने नव्हे तर कमरेने ढकलावे. ही विद्या मला माझ्या आईकडून मिळाली, ती मी वंशपरंपरेने पुढे देत आहे.

कलम दुसरे. कोचाला कापड ठोकण्याची, पिना मारणारी माझी बंदूक मी शेजारी श्री. पीटर लोवेन यांस देत आहे. ती गेली कित्येक वर्षे त्यांच्याकडेच आहे. मागावयास गेलो की ते म्हणतात, "कसली बंदूक रे? आपण तर शांतताप्रिय लोक." तेव्हा जे परत येणे नाही ते दान केलेले बरे, अशा उदात्त विचाराने हे कलम लिहिले आहे.

कलम तिसरे. चर्चच्या तळघरातील गोधड्यांची लांब लाकडी चौकट माझी स्वतःची, माझ्या हातची आहे, याची नोंद व्हावी. मूळची चौकट डुगडुगत असे. ती ठीक करण्यासाठी एकोणीस वर्षांपूर्वी एका गुरुवारी मला बोलावण्यात आले. मी नवीच करून नेली. भगिनींनी मला कॉफी दिली, बस म्हणाल्या, आणि हात रिकामे दिसू नयेत म्हणून सुई दिली. तो गुरुवार अद्याप संपलेला नाही. आमच्या या गोधड्या विकण्यासाठी नसतात आणि घरी नेण्यासाठीही नसतात. काही पेटाऱ्यांत भरून दूरदेशीच्या निर्वासितांकडे जातात, आणि काही पंचक्रोशीत, जेथे घर जळते, मूल जाते, किंवा डॉक्टर आवाज खाली आणून बोलतो, तेथे. चौकट मी मंडळीस देत आहे, मात्र एका अटीवर: तिच्या जागी टेबल-टेनिसचे टेबल मांडण्याचा विचार ज्या समितीच्या मनात घोळतो आहे, त्या समितीने आधी त्या टेबलाखाली एक अख्खा जानेवारी झोपून दाखवावे.

कलम चौथे. हे कलम या पत्राचा प्राण आहे, सबब सावकाश वाचावे.

आमच्या गोधड्या पोहोचविण्याचे काम आरंभापासून माझ्याकडे आहे, कारण माझी गाडी मोठी आहे व माझे तोंड, असे म्हणतात, बंद राहू शकते. या कार्याचे शास्त्र मी स्वतः रचले. जाताना दोघांनी जावे. दार एकदाच ठोठावावे. गोधडी हातात कदापि देऊ नये. हातात दिलेली वस्तू मनुष्य परत करू शकतो. त्याला बसू द्यावे आणि गोधडी गुडघ्यांवर ठेवावी. गुडघे परत करीत नाहीत. देवाचे नाव आपण काढू नये. यजमानाने काढल्यास मान हलवावी. जे खाऊ घालतील ते खावे. आभार मानू लागण्यापूर्वी निघावे.

या शास्त्राची गरज काय, असे कोणी विचारील तर सांगतो. कोणालाही गोधडी नको असते. आमची गाडी ज्या फाटकाशी थांबते, त्या घराचे बरे चाललेले नाही हे सर्व आळीस कळते, आणि, त्याहून वाईट, त्या घरालाही कळते. मी एका धडधाकट शेतकऱ्याला आमची गाडी पाहून गोठ्यात लपताना पाहिले आहे. त्याची पत्नी मला म्हणाली, "ते घरी नाहीत." गाईंमागून त्याची टोपी दिसत होती. गोधडी मी गाईसमोरच्या पेंढीवर ठेवून आलो. पुढे तो बरा झाला, आणि आजही मला रस्त्यात पाहिले की टोपी काढून हातात धरतो.

आता मुद्दा. गेल्या तीन गुरुवारी मी तळघरात पाऊल टाकताच चौकटीवर मेजाचे आच्छादन फेकले गेले आणि सर्व भगिनी एकाएकी बीटाच्या सुपाविषयी बोलू लागल्या. एकीने मला माझा आवडता रंग विचारला. एकोणीस वर्षांत हा प्रश्न प्रथमच उद्भवला. मी मूर्ख नाही.

सबब मी स्पष्ट आज्ञा देतो की माझ्यासाठी म्हणून जी गोधडी सिद्ध होत असेल, ती माझ्या घरी, रुग्णालयात वा शवपेटीत आणू नये. ती खरोखर गरजू अशा अन्य व्यक्तीस द्यावी. मला एक झडप बदलावयाची आहे, गाडीचीही बदलतात.

कलम पाचवे. माझ्या मालकीचे समस्त पॉलिएस्टर मी श्रीमती अगाथा पेनर, नात्याने कोणाच्याच नव्हेत परंतु अखिल गावाच्या टांटे, म्हणजे मावशी, यांस देत आहे.

पार्श्वभूमी देणे भाग आहे. शेजारच्या गावातील शिंप्याचे दुकान बंद झाले तेव्हा तेथील जाड विणीचे पॉलिएस्टर मी गठ्ठ्यांनी उचलले. रंग तीन: गंजलेला, मोहरीचा, आणि तिसरा शिळ्या वाटाण्याचा. हे कापड विटत नाही, फाटत नाही, आटत नाही, आणि न्यायाच्या अंतिम दिवशी जेव्हा पर्वत वितळतील तेव्हा त्यांवर घालण्यास उपयोगी पडेल. ज्याचे घर गेले त्याला ऊब हवी, नक्षी नव्हे, हे माझे मत. अगाथा टांटे या सुती पक्षाच्या. त्यांचे मत असे की ज्याचे घर गेले त्याला किमान एक सुंदर वस्तू हवी. कापड प्रथम पाहताच त्या म्हणाल्या, "कॉर्नी, हे ट्रॅक्टरच्या सीटला चढव. ट्रॅक्टरला डोळे नसतात."

तेव्हापासून आमचे बोलणे केवळ कामापुरते चालते. त्या चौकटीच्या पूर्वेस बसतात, मी पश्चिमेस. गोधड्यांवर कोणी नाव घालायचे नाही असा आमचा दंडक आहे. तथापि त्यांच्या गाठी मी अंधारातही ओळखीन. त्या दुहेरी असतात, आणि दाताने सुटत नाहीत. एक गोष्ट मी मान्य केली पाहिजे: ज्या घरी आम्ही दोघे मिळून गेलो, तेथे त्या रडणाऱ्यांबरोबर रडल्या नाहीत, भांडी घासून आल्या. तरीही पॉलिएस्टर त्यांनाच. सर्व गठ्ठे. त्यांच्या बैठकीच्या खोलीत नेऊन ठेवावेत.

कलम सहावे. अंत्यविधीस भाषण नको. बन्स ताजे असावेत. लोक भाषण विसरतात, शिळा बन विसरत नाहीत.

कलम सातवे. वरील कलमांत न आलेली, किंवा कोणत्याही कारणाने कोणास न पोहोचलेली माझी सर्व उर्वरित मालमत्ता मार्लीसकडे जावी.

येथे हे पत्र संपावयाचे होते. दरम्यान रविवार उजाडला.

कलम आठवे. आज दुपारी कॉफीच्या वेळेस फाटकाशी गाडी थांबली. दार एकदाच वाजले. मी पडद्याआडून पाहिले तो अगाथा टांटे आणि मार्लीस. दोघी होत्या, म्हणजे शास्त्राप्रमाणे. टांटेंच्या काखेत गुंडाळी होती. मी स्वयंपाकघराच्या दाराने मागे कार्यशाळेत जाण्याच्या विचारात होतो, हे सत्यास स्मरून लिहितो. परंतु ते दार फुगलेले होते आणि मी घाईत खांद्याने ढकलले.

त्या आत आल्या. मी उभाच राहिलो, कारण उभ्या मनुष्यास गुडघे नसतात. टांटेंनी कोट काढला नाही, गुंडाळी खाली ठेवली नाही, आणि हवापाण्याविषयी बोलू लागल्या. हवापाणी फार वेळ चालले. माझी ती झडप उभे राहण्यास फार वेळ साथ देत नाही, हे त्यांना ठाऊक होते. अखेर मी बसलो. बसताक्षणी गोधडी माझ्या गुडघ्यांवर होती.

मी म्हणालो, "टांटे, मी गरजू नाही."

"कोण म्हणालं गरजू? तळघरात उरलेलं कापड संपवायचं होतं."

"मग निर्वासितांना पाठवा."

"त्यांनी काय पाप केलंय? उघडून तर बघ."

मी उघडली. गंजलेला, मोहरीचा, शिळ्या वाटाण्याचा. प्रत्येक तुकडा पॉलिएस्टर. आणि तुकडे असे मांडलेले की गंजलेल्याशेजारी मोहरी, मोहरीशेजारी वाटाणा, आणि दुरून पाहता ते कापणीनंतरचे आमचे शेत दिसावे. त्या कापडात असे काही आहे हे इतक्या वर्षांत मलाही दिसले नव्हते. सर्व गाठी दुहेरी होत्या.

मी विचारले की त्यांच्या हाताला हे कापड लागले तरी कसे.

"चिमट्याने उचललं," टांटे म्हणाल्या. "आणि ऐक. लोकांच्या मांडीवर गोधड्या टाकत गावभर फिरलास. आता तुझ्या मांडीवर पडली तर गप बस. भीती वाटते ना?"

मी म्हणालो, थोडीशी.

"वाटू दे. म्हणूनच आणली."

त्यानंतर त्यांनी माझ्या घरातील भांडी घासली. मार्लीसने बन्स गरम केले. मी आभार मानू लागणार, इतक्यात त्या उठून कोटाची बटणे लावू लागल्या. शास्त्र माझेच असल्याने मला तक्रारीस जागा उरली नाही.

सबब कलम चौथे याद्वारे संपूर्णतः रद्द समजावे. गोधडी सोमवारी माझ्यासोबत विनिपेगला येईल. तेथून पुढे जेथे मी जाईन तेथे येईल, आणि घरी आलो तर घरी येईल. रुग्णालयाच्या कोणत्याही परिचारिकेने ती बदलून पांढरी चादर देऊ नये. शेतकऱ्यांनी टोपी काढू नये.

कलम नववे, साक्षीदारांविषयी. ज्यास या पत्रात काही दिले आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केल्यास त्याचे दान निष्फळ होते, असा आमच्याकडील कायदा आहे. मार्लीसने ही गोष्ट टांटेंना निरोप घेताना दारात सांगितली. टांटेंनी लावलेली बटणे पुन्हा काढली, आत आल्या, कलम पाचवे दोनदा वाचले, आणि स्वतःचे पेन काढून म्हणाल्या, "कुठे करू सही?" मी त्यांस मनुष्याने वारसा असा लाथाडू नये असे सुचविले. त्या म्हणाल्या की एक गोधडी शिवली, तेवढी पुरे. बैठकीच्या खोलीत त्यांना झोप लागते, त्या गठ्ठ्यांशेजारी लागणार नाही. त्यांच्या सहीमुळे सर्व पॉलिएस्टर कलम सातवे अन्वये मार्लीसकडे जाते. तिच्या हे अद्याप लक्षात आलेले नाही.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, पूर्ण समजून, गुडघे झाकलेल्या अवस्थेत, खालील दोघांच्या समक्ष लिहून पुरे केले. त्यांनीही माझ्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या.

(सही) कॉर्नेलिअस फ्रांत्स टेव्स

साक्षीदार:
१. (सही) पीटर लोवेन, शेजारी, साक्षीसाठी बोलावून आणलेले. सही केल्याने कलम दुसरे निष्फळ होऊन बंदूक परत करावी लागते, हे त्यांस सही झाल्यानंतर सांगण्यात आले.
२. (सही) अगाथा पेनर. स्वेच्छेने, व किंचित घाईने.

स्थळ: नॉयवाल्ड, मॅनिटोबा
दिनांक: ९ मार्च २००८, रविवार

ताजा कलम. सह्या झाल्यावर गोधडी प्रथमच पूर्ण पांघरून पाहिली असता ती माझ्या घोट्यांपाशी संपते असे आढळले. मी तत्काळ अगाथा टांटेंना दूरध्वनी केला. त्या म्हणाल्या की सर्व गोधड्या एकाच मापाच्या असाव्यात, नाहीतर पेटाऱ्यात मावत नाहीत, हा नियम तळघराच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलेला आहे. मी म्हणालो, मला पेटाऱ्यात जावयाचे नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "परत ये, मग खाली तुकड्यांची एक ओळ लावते. आधी नाही." एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. हा करार मला एकतर्फी वाटतो. तूर्त पाय झाकावे तर खांदे उघडे पडतात, खांदे झाकावे तर पाय; बाहेर पारा शून्याच्या पुष्कळ खाली आहे, आणि मार्लीसने माझे लोकरीचे मोजे कोणत्या पिशवीत भरले आहेत ते ती सांगून गेलेली नाही.